यंत्रमाग आणि रुपेरी पडदा

कलाकृति डोळ्यांपुढें येते तेव्हां तिच्यामागील कष्ट बहुधा दृष्टीआडच राहतात. नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण ठेवून विलायत गांठली, पत्नी सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने पुढें केले, तेव्हां कोठें १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्याच जिल्ह्यांत, पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, पुन्हां कांहीं माणसांनीं रिकाम्या खिशानें पडद्याचें स्वप्न पाहिलें. त्यांचें गांव मालेगांव.

मोसम व गिरणा या नद्यांच्या कांठीं वसलेल्या या गांवीं १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर आले. त्यांच्या हातमागाची जागा पुढें यंत्रमागानें घेतली. रात्रंदिवस मागांचा खडखडाट आणि शुक्रवारची एक सुट्टी, हा मजुरांचा जीवनक्रम ठरला. त्या सुट्टीचा विसावा म्हणजे सिनेमा. येथील शेख नासिर यांचें व्हिडिओगृह होतें. इतरांचे चित्रपट दाखवितां दाखवितां आपणहि एक काढावा, अशी ऊर्मि त्यांच्या मनांत उठली. लग्नाचें चित्रण करणारा साधा कॅमेरा आणि सुमारें ५० हजार रुपये एवढ्या भांडवलावर २००० सालीं ‘मालेगांव के शोले’ तयार झाला. नट गांवचेच, कॅमेऱ्याची गाडी म्हणजे सायकल!

हें ऐकून हंसूं येतें. आणि तेंच नासिर यांना हवें होतें. ज्याच्यापाशीं वैभव नाहीं त्यानें वैभवाची गंभीर नक्कल केली, तर लोक त्याला हंसतात. पण त्यानें आपणच विडंबन पत्करलें, तर लोक त्याच्याबरोबर हंसतात. २००६ व २००८ सालच्या बाँबस्फोटांनीं ज्या गांवाचें नांव वृत्तपत्रांत गेलें, त्या गांवाला या हंसण्याचें मोल अधिकच होतें.

मात्र हंसविणाऱ्यांचीं दुःखें निराळीं होतीं. लेखक फरोग जाफरी यांना मुंबईची आस होती; सुमारें २८० किलोमीटरांचें तें अंतर त्यांना वर्षानुवर्षें तुटलें नाहीं. ‘मालेगांव का सुपरमॅन’ या चित्रपटाचा नायक शफीक हा यंत्रमागावरचा किरकोळ अंगलटीचा कामगार. चित्रण चालू असतां कॅमेरा पाण्यांत पडला; नायकाच्या लग्नासाठीं काम थांबलें. हा सारा खटाटोप फैझा अहमद खान यांनीं २००८ च्या आपल्या अनुबोधपटांत टिपला आहे. पडद्यावर शफीकचा सुपरमॅन तंबाखूशीं झुंजतो. प्रत्यक्षांत मुखाच्या कर्करोगानें शफीकचा भर तारुण्यांत बळी घेतला. २०१२ सालीं तो अनुबोधपट चित्रगृहांत लागला, तेव्हां तो हयात नव्हता. पुढें २०२५ सालीं रीमा कागती यांच्या चित्रपटानें ही कथा दूरवर पोंचविली.

फाळक्यांच्या आणि मालेगांवकरांच्या कलेची तुलना करण्याचें कारण नाहीं. परंतु गहाण पडलेली पॉलिसी आणि मागावरून उठून चित्रणास आलेला मजूर, हीं दोन्हीं एकाच हिशेबांतलीं कलमें आहेत. आणि तो हिशेब पडद्यावर कधींच उमटत नाहीं.