बहात्तर इंची गिअर : ब्रिटनच्या हौशी सायकलपटूंची हिवाळी तयारी

ब्रिटनमधील हौशी सायकलपटूचे शर्यतींचे वर्ष ऑक्टोबरात संपते. त्या महिन्यात लहान पण खड्या टेकड्यांवर चढाच्या शर्यती होतात, आणि त्यांपैकी लंडनच्या कॅटफर्ड सायकलिंग क्लबने १८८७ मध्ये केंट परगण्यातील वेस्टरहॅमच्या टेकडीवर सुरू केलेली शर्यत ही जगात आजही भरत असलेल्या सायकल शर्यतींत सर्वांत जुनी मानली जाते. त्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत किंवा मार्चच्या पहिल्या रविवारपर्यंत वेगाची स्पर्धा जवळजवळ थांबते. दुपारी चारच्या सुमारास अंधारून येणारे दिवस, ओले रस्ते आणि गोठवणारे वारे यांनी भरलेल्या या चार महिन्यांत, नोकरी सांभाळून शर्यतीत उतरणाऱ्या माणसाने स्वतःचे शरीर कसे राखावे आणि वसंतातील पहिल्या शर्यतीसाठी ते कसे तयार करावे, याचे एक शिस्तबद्ध शास्त्र ब्रिटिश क्लबांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले. पुस्तकांपेक्षा ते क्लबांच्या नियमांत आणि रविवारच्या सफरींत अधिक जपले गेले. अवेळी वेग वाढवण्याचा मोह आवरण्याची व्यवस्था हे त्याचे सर्वांत मोलाचे अंग होते.

या परंपरेचा उगम एका बंदीत आहे. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे तयार केलेली, दोन सारख्या चाकांची आणि चेनवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल, आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी बेलफास्ट येथे आणलेला हवेचा टायर, यांमुळे रस्त्यावरील वेग एकाएकी वाढला आणि घोडागाड्यांच्या त्या काळात सायकलस्वारांचा घोळका हा तक्रारीचा विषय झाला. १८९४ च्या जुलै महिन्यात नॉर्थ रोड सायकलिंग क्लबच्या ५० मैलांच्या शर्यतीत एका स्त्रीचा घोडा स्पर्धकांना पाहून बुजला, काही स्पर्धक पडले, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. शर्यतींवर नियंत्रण ठेवणारी ‘नॅशनल सायकलिस्ट्स युनियन’ आधीपासूनच अशा शर्यतींविषयी साशंक होती. शतक संपण्यापूर्वीच तिने सार्वजनिक रस्त्यावरील सामूहिक शर्यतींना पूर्णपणे मज्जाव केला आणि स्पर्धा बंदिस्त धावपट्टीवरच व्हावी असे धोरण ठरवले.

त्या अपघातात सापडलेल्या स्पर्धकांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक थॉमस बिडलेक यांनी यातून वाट काढली. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड क्लबने त्यांच्या योजनेनुसार ५० मैलांची अशी स्पर्धा घेतली की तिच्यात स्पर्धक ठरावीक अंतराने एकेकटे सुटत आणि विजेता कोण हे केवळ घड्याळ ठरवी. हीच आधुनिक ‘टाइम ट्रायल’, म्हणजे वेळेविरुद्धची शर्यत. ती लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून स्पर्धक खांद्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालत, रविवारी पहाटे रस्ते रिकामे असताना निघत, मार्गाचे नाव न लिहिता केवळ अक्षर-अंकांचा संकेत वापरला जाई, आणि स्पर्धकांच्या यादीवर ती खासगी व गोपनीय असल्याचा शिक्का असे. आजही ब्रिटनमधील असे मार्ग संकेताक्षरांनीच ओळखले जातात. १९२२ मध्ये या स्पर्धांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १९३७ मध्ये त्याला ‘रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल’ हे नाव मिळाले.

हिवाळी तयारीच्या दृष्टीने या स्पर्धाप्रकाराचा परिणाम दूरगामी झाला. घोळक्यातील शर्यतीत दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवता येतो, डावपेच लढवता येतात आणि शेवटच्या क्षणी मुसंडी मारता येते. एकट्याच्या शर्यतीत यांपैकी काहीच साधत नाही. तेथे एका तासात किंवा बारा तासांत आपली ताकद समान वाटून खर्च करणे एवढे एकच कौशल्य उरते, आणि ते कौशल्य हंगामाच्या तोंडावर घाईने मिळत नाही. म्हणून ब्रिटिश सायकलपटूचा हिवाळा लांब, मध्यम गतीच्या, न थांबता पाय फिरवण्याच्या सरावाकडे वळला.

या सरावाचे मुख्य साधन होते ‘फिक्स्ड व्हील’. नेहमीच्या सायकलला मागे फ्रीव्हील असते, त्यामुळे पाय थांबवले तरी चाक फिरत राहते; फिक्स्ड व्हीलमध्ये मागची दातेरी चकती चाकाला पक्की जोडलेली असते आणि चाक फिरत आहे तोवर पाय फिरवणे भागच असते. उतारावर विसावा नाही, वळणावर नाही, आणि थांबायचे झाल्यास पायांनीही वेग रोखता येतो. निसरड्या, बर्फाळ रस्त्यावर ही गोष्ट सोयीची ठरे, कारण मागच्या चाकाची पकड पायांना थेट जाणवते. शिवाय चिखल आणि मिठाच्या पाण्याने खराब होणारे भाग या सायकलला कमी असतात. एरवी थंडीत चांगली सायकल बाहेर काढणे परवडणारे नव्हते. मडगार्ड लावलेली ही जुनी सायकल, अंगावर लोकरी जर्सी आणि हँडलपर्यंत झाकणारा मेणकापडी केप हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्लबच्या हिवाळी सफरीचे ठरलेले रूप होते.

यापुढचे पाऊल म्हणजे गिअरवर घातलेली मर्यादा. ब्रिटिश सायकलपटू गिअर इंचांत मोजतात, आणि ही पद्धत उंच पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलीपासून चालत आली आहे. त्या सायकलीत पॅडल थेट चाकाला जोडलेले असल्याने चाक जितके मोठे तितके एका फेऱ्यात अंतर अधिक कापले जाई. चेन आल्यावरही हिशेब तोच राहिला : पुढच्या चकतीच्या दात्यांना मागच्या चकतीच्या दात्यांनी भागावे आणि येणाऱ्या संख्येला चाकाच्या व्यासाने गुणावे. पुढे ४८ दाते, मागे १८ दाते आणि २७ इंची चाक असेल तर गिअर ७२ इंचांचा होतो, म्हणजे पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल सुमारे पावणेसहा मीटर पुढे जाते. हंगामाच्या आरंभीच्या, फेब्रुवारी-मार्चमधील कित्येक क्लब-शर्यतींत याहून मोठा गिअर वापरण्यास मनाई असे. या शर्यतींना ‘मीडियम गिअर’च्या शर्यती म्हणत. पुढच्या आणि मागच्या चकतीचे दाते मोजले की नियम पाळला गेला की नाही हे कळे, त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

या नियमाचे शहाणपण आकड्यांत दिसते. २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, एका तासाच्या आत कापणे ही अनेक दशके सामान्य क्लब-सायकलपटूची मोठी महत्त्वाकांक्षा होती. ७२ इंची गिअरवर ते साधायचे तर मिनिटाला सुमारे ११७ फेरे, तेही तासभर सतत, मारावे लागतात. हिवाळ्यातून नुकतेच बाहेर पडलेले, थंड आणि आखडलेले गुडघे व स्नायू मोठ्या गिअरवर जोर लावताना सहज दुखावतात. लहान गिअरवर मात्र प्रत्येक फेऱ्यातील दाब कमी राहतो आणि ताण हृदय व फुप्फुसांकडे जातो, जे तो अधिक लवकर सोसू शकतात. शिवाय तेथे ताकदीच्या रांगड्या माणसालाही बारीक अंगाच्या, पाय सहज फिरवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा वरचढ होता येत नसे. या नियमाइतकी स्वस्त आणि परिणामकारक आरोग्य-उपाययोजना हौशी खेळांच्या इतिहासात क्वचितच आढळते.

आरोग्याविषयीची ही समज सुरुवातीपासून होती असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातील सायकलपटूंना तयारीची पद्धत मुष्टियोद्धे आणि पैजेचे धावपटू यांच्या उस्तादांकडून मिळाली होती. जुलाब देणे, घाम काढणे, अर्धे कच्चे गोमांस खाऊ घालणे आणि पाणी अगदी मोजून देणे असा तो क्रम होता. त्यातील बहुतेक गोष्टी शरीराला अपायकारक होत्या. तरीही त्या उस्तादांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती, ती म्हणजे सततच्या सरावाने माणूस शिळा पडतो, त्याची भूक आणि झोप जाते आणि वेग वाढण्याऐवजी घटतो. ऑक्टोबरनंतरच्या विश्रांतीची प्रथा याच अनुभवावर उभी होती.

मजूर आणि कारकून वर्गाचा प्रवेश झाल्यावर या प्रथेला सामाजिक चौकट मिळाली. १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे समाजवादी तरुणांनी सुरू केलेल्या क्लॅरियन सायकलिंग क्लबच्या शाखा पुढे देशभर पसरल्या, आणि कारखान्यात आठवडा घालवणाऱ्या माणसासाठी रविवारची सामूहिक सफर ही व्यायाम, मैत्री आणि मोकळी हवा यांची एकत्र तरतूद झाली. हिवाळ्यात ही सफर क्लबचा कर्णधार ठरवील त्या गतीने, दोन-दोनच्या रांगेत चाले आणि मध्ये चहासाठी ठरलेल्या ठिकाणी थांबे. नवख्याला मागे सोडून पुढे पळणे हे असभ्यपणाचे लक्षण समजले जाई. जानेवारीपासून तिला ‘रिलायबिलिटी ट्रायल’ची जोड मिळे. या उपक्रमात १०० मैल आठ तासांत, अशा प्रकारे अंतर आणि वेळ आधी ठरलेले असत. जो वेळेत पोहोचला तो उत्तीर्ण आणि लवकर पोहोचल्याबद्दल कोणताही मान नाही, त्यामुळे पहिल्या क्रमांकाचा प्रश्नच उद्भवत नसे.

फार खराब हवेत घरातच सराव होई. तीन फिरत्या दंडगोलांवर सायकल ठेवून तोल सांभाळत ती जागच्या जागी चालवण्याच्या साधनाला ‘रोलर्स’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत नृत्यगृहांत आणि नाट्यगृहांत अशा रोलर्सवर शर्यती लावून मोठ्या तबकडीवर प्रेक्षकांना अंतर दाखवले जाई.

सामूहिक शर्यतींवरील बंदी कायमची टिकली नाही. ७ जून १९४२ रोजी पर्सी स्टॅलर्ड यांनी युनियनच्या विरोधाला न जुमानता वेल्समधील लँगोलेनपासून वूल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची शर्यत घेतली, त्याच वर्षी बंडखोरांची स्वतंत्र ‘लीग’ निघाली, आणि बऱ्याच कडवट भांडणानंतर १९५९ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. हिवाळी शिस्त मात्र दोन्ही पक्षांत सारखीच राहिली. १९५६ च्या ऑगस्टमध्ये रे बूटी यांनी बाथ रोड क्लबच्या १०० मैलांच्या शर्यतीत ३ तास ५८ मिनिटे २८ सेकंद अशी वेळ नोंदवून चार तासांची मर्यादा प्रथमच मोडली, तेव्हाही त्यांच्या सायकलला एकच पक्का गिअर होता.

या साऱ्या परंपरेचे सर्वोच्च रूप बेरिल बर्टन यांच्यात दिसले. लीड्स येथे १९३७ मध्ये जन्मलेल्या बर्टन यांना अकराव्या वर्षी संधिवाताच्या तापाने गाठले, त्यांना अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले आणि डॉक्टरांनी कष्टाचे काम टाळण्याचा सल्ला दिला. पुढे त्या मॉर्ले सायकलिंग क्लबमध्ये आल्या आणि क्लबमधीलच निम कारलाइन यांच्या रूबार्ब या देठांसाठी पिकवल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या शेतावर मजुरीला लागल्या. यॉर्कशायरच्या त्या पट्ट्यात थंडी पडल्यावर रूबार्बचे जड, चिखलाने माखलेले गड्डे जमिनीतून उपटून अंधाऱ्या, उबदार छपरांत मांडतात, जेणेकरून प्रकाशाच्या शोधात कोवळे देठ लवकर वाढावेत. म्हणजे इतर सायकलपटूंच्या विश्रांतीचे महिने हे बर्टन यांच्यासाठी वाकून ओझी उचलण्याचे महिने होते. त्यांनी १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षे स्त्रियांमधील सर्वोत्तम अष्टपैलू सायकलपटूचा राष्ट्रीय किताब राखला, दोनदा रस्त्यावरील आणि पाचदा ट्रॅकवरील पर्सूट या प्रकारातील जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि या सर्व काळात त्या हौशी स्पर्धकच राहिल्या. १९६७ मध्ये १२ तासांच्या शर्यतीत त्यांनी २७७.२५ मैल कापले. त्याच दिवशी पुरुषांचा नवा उच्चांक करणारे माइक मॅक्नमारा यांना वाटेत मागे टाकताना त्यांनी खाऊची एक गोळी पुढे केली होती. पुरुषांना हे अंतर ओलांडायला १९६९ उजाडले. स्त्रियांमधील उच्चांक २०१७ पर्यंत टिकला.

१९८० च्या दशकापासून प्रयोगशाळा आली. क्रीडाशास्त्रज्ञ पीटर कीन यांच्या मार्गदर्शनाखाली ख्रिस बोर्डमन यांनी नाडीचे ठोके आणि श्रमाच्या पातळ्या मोजून सराव केला आणि १९९२ मध्ये बार्सिलोना येथे ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. तेही याच पहाटेच्या शर्यतींतून आणि ऑक्टोबरच्या चढांवरून पुढे आलेले होते. पायातील जोर मोजणारी यंत्रे पुढे सामान्य क्लबपर्यंत पोहोचली, तेव्हा गिअरच्या मर्यादेचे काम आकडेवारी करू लागेल असे वाटणे साहजिक होते. पण यंत्र फक्त ताण दाखवते, तो घेऊ नको असे सांगण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि तो अधिकार क्लबच्या नियमाला होता.

मराठी वाचकाचा या इतिहासाशी संबंध दूरचा नाही. १९३० पासून सलग चार वर्षे ब्रिटनचा अष्टपैलू किताब जिंकणारे फ्रँक साउथॉल ज्या हर्क्युलिस कंपनीसाठी व्यावसायिक सायकलपटू झाले, त्याच नावाच्या सायकली मद्रासमध्ये तयार होऊन महाराष्ट्रातील गावोगावच्या रस्त्यांवर धावल्या. पुण्या-मुंबईत रुजलेल्या ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या सफरींतही, ज्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात, पहिला क्रमांक दिला जात नाही. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरवणाऱ्या मुंबई-पुणे शर्यतीची ओढ मोठी आहे आणि ती असावीच. मात्र पावसाळ्यात सुटलेला सराव दसऱ्यानंतर पुन्हा सुरू करणाऱ्या तरुणांसाठी महाराष्ट्रातील क्लबांनी हंगामाच्या पहिल्या एक-दोन शर्यती ७२ इंची गिअरच्या मर्यादेत घेऊन पाहाव्यात. त्यासाठी खर्च काही नाही. सुटण्याच्या जागी कोणीतरी दोन्ही चकत्यांचे दाते मोजले म्हणजे झाले.