जुन्या पोर्शेचा ‘लोअर आर्म’ : मजबुती कुठे आणि किती?

मोटारीचे पुढचे चाक वळविलेल्या दिशेलाच राहावे, ब्रेक दाबताच मागे सरकू नये, ही जबाबदारी एका साध्या दिसणाऱ्या भुजेवर असते. आपल्याकडच्या गॅरेजांत तिला ‘लोअर आर्म’ म्हणतात. तिचे आतले टोक रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याला, तर बाहेरचे बॉल जॉइंटने चाकाच्या आधाराला जोडलेले असते. हा जॉइंट निखळला, की चाक आडवे होऊन मडगार्डमध्ये शिरते. स्टिअरिंग हाती असूनही उपयोगाचे राहत नाही. जुनी वेगवान गाडी शर्यतीच्या मार्गावर उतरविणाऱ्या हौशी मंडळींनी म्हणूनच इंजिनाआधी या आर्मकडे पाहायला हवे.

जर्मनीच्या पोर्शे ९४४चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९७६मध्ये बाजारात आलेली पोर्शे ९२४ मुळात फोक्सवॅगन-ऑडीसाठी आखलेली होती. साहजिकच तिचे पुष्कळ भाग त्याच घराण्यातले. पुढचा लोअर आर्म पत्रा दाबून बनविलेला, फोक्सवॅगन गोल्फचा. १९८२च्या सुमारास आलेल्या ९४४लाही तोच मिळाला. गोल्फ ८०० किलोंच्या आसपासची, तर ९४४ सुमारे ११८० किलोंची आणि १६३ अश्वशक्तीची. रोजच्या वापरात हा आर्म कुरकुर करीत नाही. मात्र शर्यतीचे चिकट टायर आणि वारंवारचे जोरदार ब्रेकिंग सुरू झाले, की त्याला पीळ बसू लागतो.

दोष आकारात आहे. हा आर्म खालून उघडा, पन्हाळीसारखा असतो आणि उघडी पन्हाळ पिळाला फारशी दाद देत नाही. खालून पोलादी पट्टी वेल्डिंगने जोडून ती बंद पेटीसारखी केली, की तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची पीळ सोसण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. काम सोपे वाटते, पण बिघडते तेही इथेच. बुश आणि बॉल जॉइंट आधी काढावे लागतात, नाहीतर उष्णतेने त्यांचे रबर जळते. आर्म पक्क्या साच्यात जखडून, छोटे टाके आलटून पालटून दोन्ही बाजूंनी घालावेत. सलग वेल्डिंग केले तर तो वाकडा होतो आणि मग चाकांचे अलाइनमेंट जुळत नाही. पट्टीचे टोक अचानक संपवू नये, तडा तिथूनच सुरू होतो. पाणी निघून जाण्यासाठी छिद्र ठेवणे अनेकजण विसरतात आणि बंद पेटी आतून गंजत राहते.

१९८५च्या मध्यापासून ९४४ला ऍल्युमिनियमचे आर्म आले. ते हलके आणि ताठ, पण बॉल जॉइंट त्यांतच बसविलेला. तो झिजला तर कंपनीच्या हिशेबी पूर्ण आर्म बदलायचा. पुढे स्वतंत्र कारागिरांनी दुरुस्तीचे संच काढले. या आर्मला वेल्डिंग करू नये. उष्णतेने मिश्रधातूची मूळ ताकद घटते आणि वरून मात्र काम नीटनेटके दिसते, हा धोका अधिक.

खरे तर या आर्मचा शत्रू वेगळाच आहे. गाडी दिसायला देखणी व्हावी म्हणून स्प्रिंग आखूड करून ती खाली आणली, की आर्मचे बाहेरचे टोक वर उचलले जाते आणि बॉल जॉइंटची खुंटी तिरकी होत वाटीच्या कडेला टेकते. त्यापुढे प्रत्येक हिसक्याला खुंटी वाकते, किंवा आर्मला तडा जातो. अशा गाडीत आर्म कितीही जाड केला तरी हिसका फक्त पुढच्या कच्च्या जागी सरकतो. त्यावर इलाज दोनच. गाडीची उंची पुन्हा वाढवायची, अथवा लांब खुंटीचा जॉइंट बसवायचा. शर्यतीसाठी पोलादी नळ्यांचे खास आर्मही मिळतात. त्यांचे सांधे मात्र ठराविक काळाने तपासून बदलावेच लागतात.

मजबुतीकरण झालेल्या आर्मवरही शर्यतीनंतर चाक काढून, आर्म घासून स्वच्छ करून वेल्डिंगच्या कडा पाहाव्यात. रंगावर उमटलेली गंजाची बारीक रेघ ही बहुधा तड्याची पहिली खूण असते. शंका वाटल्यास तडे दाखविणारे रंगद्रव्य लावून खात्री करून घ्यावी आणि रेघ पुन्हा उमटली, तर त्या आर्मवर दुसरा टाका न घालता तो बदलावा.