वधू प्रश्न विचारते

उद्या तुमच्या मैत्रिणीचं लग्न आहे आणि ते तुम्हाला लावायचं आहे. ती हिंदू घरातली, तो ख्रिस्ती घरातला. पूजाप्रार्थनेत दोघांचंही मन रमत नाही. "दोन्हीकडच्या आज्यांना परकं वाटू नये, एवढं बघ," ती म्हणाली होती. रात्रीचे अकरा वाजलेत आणि कागद कोरा आहे. तुम्ही डोळे मिटता.

उघडता, तेव्हा पायाखाली ताजं सारवण आहे. ४ फेब्रुवारी १८८९. मंडपाला आंब्याचे टहाळे, हवेत गारवा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या यशवंताचं लग्न ग्यानोबा ससाणे यांच्या राधेशी लागतंय. यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, या दोघांनी आपला म्हणून वाढवलेला. राधा माळ्याची लेक.

सवयीनं तुमची नजर भटजींना शोधते. ते नाहीत. दक्षिणेचं ताटही नाही. असं पहिलं लग्न जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानं २५ डिसेंबर १८७३ ला लावलं, तरी धाकधूक अजून आहेच. शेजारचे फेटेवाले बाबा हळूच सांगतात, "ओतूरच्या बाळाजी पाटलानं जोशांवाचून लग्न लावलं, तर जोशांनी त्याला कोर्टात खेचलं."

मग मंडप शांत होतो. दोन वर्षांपूर्वी, १८८७ साली, जोतीरावांनी पूजाविधींची पुस्तिका छापली. तिच्यातली मंगलाष्टकं वधूवरांनी स्वतः म्हणायची आहेत, मराठीत. यशवंत म्हणतो. आता राधेची पाळी. तिचा आवाज आधी कापतो, मग सापडतो. आम्हा बायकांना स्वातंत्र्य कसं असतं ते ठाऊकच नाही, ती म्हणते. आमचे हक्क देशील, अशी शपथ घे. मागच्या बायकांची कुजबुज थांबते. लेकुरवाळी एक जण पोराला थोपटायचं विसरते. सावित्रीबाईंचे ओठ राधेच्या शब्दांबरोबर हलताहेत. यशवंत सगळ्यांसमोर शपथ घेतो.

इतकी लग्नं पाहिलीत, पण नवरीनं काही विचारलंय आणि नवऱ्याला उत्तर द्यावं लागलंय, हे तुम्ही पहिल्यांदाच पाहता.

जोतीरावांचा उजवा हात मांडीवर निपचित आहे. गेल्या वर्षी पक्षाघातानं तो गेला. ते डाव्या हातानं पुस्तक लिहिताहेत. त्यात एक घर आहे: बायकोनं बौद्ध धर्म स्वीकारावा, नवऱ्यानं ख्रिस्ती, लेकीनं इस्लाम, मुलानं सत्यधर्म, आणि कुणी कुणाचा द्वेष न करता एकत्र नांदावं. हे कुठल्या काळात? १८७२ च्या कायद्यानं दोन धर्मांच्या माणसांना लग्न करायचं, तर दोघांनी आपापला धर्म मानत नसल्याचं लिहून द्यावं लागत होतं, त्या काळात. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला जातील. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुढच्या वर्षी यशवंतच छापेल. आज शपथ घेणारा हाच मुलगा.

तुम्ही पुन्हा टेबलाशी. मैत्रिणीचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदलं जाणार आहे. त्यात कुणाला धर्म सोडावा लागत नाही. तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचं म्हणायचं, आणि तेही दोघांना कळणाऱ्या भाषेत. कायद्याचं ते कलम तुम्ही कितीदा वाचलं होतं. आज त्यात राधेचा आवाज ऐकू येतो.

संध्याकाळपासून तुम्ही शोधत होता, आपण काय बोलावं. बोलायचं त्यांनी आहे. तुम्ही फक्त जागा करून द्यायची, शांतता राखायची आणि दोन्ही आज्यांना पुढच्या रांगेत, नीट ऐकू येईल असं बसवायचं.

तुम्ही फोन लावता. ती जागीच आहे.

"एक सांग," तुम्ही विचारता, "उद्या सगळ्यांसमोर त्याला काय विचारायचंय तुला?"

पलीकडे बराच वेळ शांतता. तुम्ही पेन उघडून थांबता.