कामाच्या ठिकाणचा लैंगिक अत्याचार : मालकाची जबाबदारी

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 27 नोव्हेंबर 1973 रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. सहकारी परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. हल्लेखोराला मात्र मारहाण आणि लुटीसाठी 7 वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

कायद्याने मालकाला जबाबदार धरायला पुढे बराच काळ गेला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि 9 डिसेंबर 2013 पासून स्वतंत्र अधिनियम लागू झाला. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे : अध्यक्ष स्त्री, किमान निम्मे सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. तक्रार 3 महिन्यांत करायची, चौकशी 90 दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना पीडितेला बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते.

बलात्कार किंवा जबरदस्ती झाली असेल तर मात्र समितीची वाट पाहत बसू नये. आधी पीडितेची सुरक्षितता, मग रुग्णालय. तिथे प्रथमोपचार मोफत मिळणे हा तिचा हक्क आहे. तिला पोलिसांत जायचे असेल तर मालकाने मदत करणे बंधनकारक आहे. सीसीटीव्हीचे चित्रण आणि हजेरीच्या नोंदी लगेच जपून ठेवाव्यात. ‘कंपनीचे नाव जाईल’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणे हा सर्वांत घातक प्रकार. पैसे देऊन समेट करायला कायद्यातही मुभा नाही.

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील लोधिवली आणि शेजारच्या पाताळगंगा-रसायनी पट्ट्यासारख्या कारखान्यांच्या भागात एक कलम विशेष महत्त्वाचे आहे. ठेकेदाराने आणलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ, अशी प्रत्येक स्त्री या कायद्याच्या कक्षेत येते, मूळ मालकाला तिची माहिती नसली तरीही. कंपनीने पुरवलेली बसही कामाचेच ठिकाण ठरते. ‘ती ठेकेदाराची माणसं’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

कर्तव्य चुकवणाऱ्या मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होतो. पुन्हा चुकल्यास दुप्पट शिक्षा, शिवाय परवाना रद्द होऊ शकतो. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. अशी तक्रार तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याकडेही देता येते. ती त्याने 7 दिवसांत समितीकडे पाठवायची असते. लोधिवलीसाठी तो तालुका खालापूर.