कॅमेऱ्याला न दिसलेला आजार

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. विषय आहे जुलाब. पण थांबा, गोष्ट खुनाच्या खटल्यापासून सुरू होते.

साल 1859, लंडन. इझाबेला बँक्स ही बाई जुलाब-उलट्यांनी गेली. तिच्यासोबत राहणाऱ्या डॉ. थॉमस स्मेथर्स्टने विष घातलं, असा आरोप झाला आणि त्याला फाशीची शिक्षाही सुनावली गेली. तिचं आतडं तपासलं सॅम्युअल विल्क्स यांनी. त्यांना आतड्यात सूज आणि जखमा दिसल्या. मग डॉक्टरांमध्ये वाद पेटला, हे विष की आजार? शेवटी स्मेथर्स्टला खुनाच्या गुन्ह्यातून माफी मिळाली. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' या नावाचा इतिहास विल्क्सच्या त्या नोंदीपर्यंत जातो. पुढे 1932 मध्ये न्यूयॉर्कला क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी दुसरा आजार मांडला, तो क्रोन्स. या दोघांना मिळून आज आयबीडी म्हणतात. दोन्हींत आतड्याच्या जखमा डोळ्यांना दिसतात.

आता आपल्या परभणी जिल्ह्यात येऊ. माझी आत्या सेलूची. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. गावात आधी सगळे 'संग्रहणी' म्हणायचे. चरक-सुश्रुतांच्या काळापासून ग्रहणी हा शब्द आपल्याकडे आहेच. गोळ्या सुरू झाल्या, रक्त पडणं थांबलं. आम्ही म्हटलं, चला, सुटलो! पण पाण्यासारखे जुलाब काही थांबेनात. दिवसातून सात-आठ वेळा, रात्रीसुद्धा. आत्याने लग्नाला जाणं सोडलं. एसटीत बसायची तिला धास्तीच वाटायची.

पुन्हा दुर्बीण झाली. रिपोर्ट आला, आतडं स्वच्छ. 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं. घरातही कुजबुज सुरू झाली, मनाचंच असेल. त्यात मीही होतो. आत्या एवढंच म्हणाली, "मशीनला दिसत नाही म्हणून मला होत नाही का रे?"

या प्रश्नाचं उत्तर 1976 मध्येच मिळालं होतं, स्वीडनमधल्या माल्मो शहरात. लिंडस्ट्रॉम या डॉक्टरांनी सततच्या पातळ जुलाबांच्या एका रुग्ण बाईच्या आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वरच्या अस्तराखाली कोलॅजनचा जाड पट्टा होता. निरोगी माणसात हा थर अगदी पातळ असतो. या आजारात तो 10 मायक्रोमीटरच्या पुढे जातो. तरीही केसापेक्षा कितीतरी बारीक! कॅमेऱ्याला कुठून दिसणार? 1980 मध्ये 'मायक्रोस्कोपिक कोलायटिस' हे नाव आलं. 1989 मध्ये दुसरा प्रकार वेगळा मांडला गेला, लिम्फोसायटिक; त्यात अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी होते.

बहुतेकांना हा आजार एकटाच होतो, बायकांना आणि पन्नाशीनंतर जास्त. पण कधीकधी एकाच माणसात आयबीडी आणि हा, दोन्ही सापडतात. कुणाला आधी हा, कुणाला आधी तो. अशा वेळी डॉक्टरही सांभाळून बोलतात, कारण बरं होत आलेलं आतडंही सूक्ष्मदर्शकाखाली फसवू शकतं.

आत्याला आम्ही संभाजीनगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण केली आणि स्वच्छ दिसणाऱ्या आतड्याचेच, उजवीकडून आणि डावीकडून, बारीक तुकडे काढले. ते काढताना दुखत नाही. रिपोर्टमध्ये कोलॅजनचा पट्टा निघाला. गुडघेदुखीच्या गोळ्याही तपासल्या, कारण काही वेदनाशामकांचा या आजाराशी संबंध आढळतो. त्या बदलल्या, ब्युडेसोनाइड सुरू झालं. दोन महिन्यांनी आत्या परभणीला लग्नात जेवली. पंगतीत, शेवटपर्यंत बसून.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना फक्त एक विचारा: "बायोप्सी घेतली का?"

मी आत्याची माफी मागितली. ती म्हणाली, "आता चहा टाक."

भेटू पुढच्या भागात!