ओटी आधी, झबले नंतर

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतली मळणी उरकलेली असते. कणगीत भात आलेला असतो, विकलेल्या भाताचे चार पैसे गाठीला असतात आणि वर्षातल्या मोठ्या खरेदीची हीच वेळ असते. बैलांचा बाजार, घोंगड्यांच्या थप्प्या, भांडीकुंडी, टोपल्या-सुपे, पोरांची खेळणी, हातोलीची मिठाई असा सगळा संसार मैदानावर मांडलेला असतो. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आली आणि १८६१ पर्यंत शहापूरच्या बाजूने कसाऱ्याला पोहोचली. मुरबाडला मात्र अजूनही रूळ आलेले नाहीत. त्यामुळे आठवडी बाजार आणि वर्षाची यात्रा यांवरच इथल्या घरांची खरेदी दीर्घकाळ बेतलेली राहिली. सालभराच्या गरजा एका फेरीत भागवणाऱ्या अशा बाजारात येणाऱ्या बाळाचीही तयारी होत असणार, असे आज कुणालाही वाटेल. रीत नेमकी उलटी होती. पोटातल्या बाळासाठी काही विकत आणायचे नाही, हा दंडक महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पाळला जाई, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात तो पाळायला कारणेही जास्त होती. त्याला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. मला तो जोखमीचा नीट केलेला हिशेब वाटतो. पैसा आधी कुणावर आणि नंतर कुणावर खर्च करायचा, हे त्याने ठरवून दिले होते, आणि त्या क्रमातला एक भाग आजही विसरण्यासारखा नाही.

आधी खर्चाची रांग पाहू. गरोदरपणात घरात जे येते ते जवळपास सगळे बाईसाठी येते. ओटी भरायची ती तांदूळ, नारळ, खण आणि फळांनी. हातात भरायच्या त्या हिरव्या बांगड्या. डोहाळे पुरवायचे ते तिच्या जिभेचे. त्या ओटीत टोपरे नसते, झबले नसते, खुळखुळा नसतो. बाळाच्या वस्तू पुढे येतात, आणि त्याही एकदम येत नाहीत. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजायची, म्हणजे सटवाईने रात्री येऊन कपाळी जे लिहायचे ते लिहावे. बाराव्या दिवसाच्या सुमारास बारसे, तेव्हा नाव. माहेरचा आणि सोयऱ्यांचा बाळंतविडा येतो तो सुटकेनंतर. शब्दातच ‘बाळंत’ आहे. त्यातही अर्धा वाटा आईचा असतो: सुंठ, डिंक, खोबरे, खारीक, अळीव, तूप. उरलेल्यात झबले-टोपरे आणि दुपटे. चांदीचे वाळे, मनगट्या, करगोटा यांची पाळी त्याच्याही नंतर, ऐपत असेल तशी. प्रत्येक टप्पा बाळ आणखी काही दिवस जगल्याची खूण आहे, आणि प्रत्येक खुणेनंतरच खर्चाची पुढची पायरी चढायची आहे.

म्हणून काय तयारी होतच नव्हती? भरपूर होत होती. फक्त ती बाजारातून होत नव्हती, आणि तिला कुणी तयारी म्हणत नव्हते. सरपण सुकवून आत रचायचे, न्हाणीसाठी आणि शेकासाठी ते जास्तच लागणार. वावडिंग, ओवा, बाळंतशेपा गाठोड्यात जपून ठेवायच्या. सुईणीच्या कानावर घालून ठेवायचे. जुनी लुगडी, धोतरे धुऊन घडी करायची. त्यांचीच दुपटी, लंगोट, कुंची, त्यांचीच वाकळ आणि त्यांचीच झोळी. इथे नियमाची व्यवहारी बाजू दिसते. कोऱ्या कापडाला खळ असते, ते अंगाला टोचते. शंभरदा धुतलेले सुती लुगडे मऊ असते, ओल शोषते, आणि पावसाळ्यात चुलीच्या धगीवर हातभर जागेतही लवकर वाळते. लाकडी पाळणा घरोघरी नसे. बारशापुरता तो मागून आणता येई. एरवी आढ्याला टांगलेली झोळी पुरे. ठाकूर आणि कातकरी कुटुंबांसाठी तर झोळीला पर्यायच नव्हता. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, असे ज्यांचे वर्ष, त्यांना जिथे दोन खांब किंवा एक फांदी सापडेल तिथे बांधता येईल असाच पाळणा हवा. रिकामा पाळणा हलवू नये, असे बायका सांगतात. हा भीतीचा नियम आहे खराच, पण रिकामा पाळणा घरात नसण्याची सोयही त्यातच होती.

भीतीचे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. ए. एम. टी. जॅक्सन या नाशिकच्या कलेक्टराने खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली होती. १९०९ मध्ये त्याचा खून झाला, आणि पुढे आर. ई. एन्थोवेन याने ती सामग्री ग्रंथरूपात आणली. कोकणावरच्या भागात ठाणे जिल्ह्यातल्या मास्तरांचीही उत्तरे आहेत. मुले वाचत नसलेल्या घरात बाळाचे नाव दगडू, धोंडू, केरबा, भिकू असे ठेवायचे, हा या नोंदींतला ओळखीचा विषय. या नावांकडे आणि जुन्या कपड्यांकडे एकत्र पाहिले की दोन्हींची भाषा एकच असल्याचे कळते. दगड कुणी चोरत नाही, केर कुणी उचलत नाही, भिकेत मिळालेल्यावर कुणाची नजर जात नाही. पाच घरांतून मागून आणलेले अंगडे घातलेले मूल जणू त्या घरचे नाहीच. चीनमध्ये शंभर घरांतून चिंध्या मागून बाळाचा अंगरखा शिवण्याची रीत होती, आणि पूर्व युरोपातल्या ज्यू कुटुंबांत जन्माआधी बाळाचे काही घरात आणत नसत. एकमेकांना न भेटलेली ही माणसे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, तेव्हा कारण एखाद्या देवात शोधण्यापेक्षा मृत्यूच्या आकड्यात शोधावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास पहिला वाढदिवस पाहत नसत. पाचातले एक जाणार हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे, तो बाळाचा पेटारा आधी भरत नाही. न वापरलेले झबले घरात उरणे, हा तोटा केवळ पैशाचा नसतो.

पैशाचा तोटाही लहान नव्हता. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींच्या कर्जाचा इतिहास लिहायचा तर तो लग्नापासून सुरू करावा लागतो. लग्नासाठी सावकाराकडून रक्कम उचलायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. असा गडी म्हणजे लग्नगडी. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांची ही वेठ मराठी वाचकाला माहीत झाली. पण ‘बारसगडी’ असा शब्द कुठे आढळत नाही. शब्द नसणे हा पुरावा म्हणून थोडा लंगडा आहे, हे मान्य. तरी त्याचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. लग्नाची तारीख माणूस ठरवतो, म्हणून त्यासाठी कर्जाचा दबाव आणता येतो: मांडव किती खांबांचा, जेवण किती पानांचे, दारूची मडकी किती. जन्म कधी येईल, कसा उतरेल, हे कुणाच्या हाती नसते. तो ऐन लावणीत येतो, भाद्रपदाच्या तोंडी घरात दाणा नसताना येतो, भट्टीवर येतो. अशा प्रसंगाला आधीची खरेदी जोडली असती तर गरिबाच्या गळ्यात आणखी एक फास पडला असता. रीतीने तो पडू दिला नाही. आधी जे लागते ते घरातले जुने, आणि नंतर जे येते ते सोयऱ्यांनी आणलेले. खर्च अनेक घरांत वाटला गेला, आणि बाळ वाचले तरच झाला.

म्हशाची यात्रा या हिशेबात बसते ती नवसाच्या वाटेने. नवस हा तसा पाहिला तर उधारीचा करार आहे: आधी फळ, मग मोल. देवाला आगाऊ काही द्यायचे नाही. मूल होऊ दे, वाचू दे, मग पौषात येऊन फेडीन. या यात्रेत नवस फेडण्यासाठी अंगात लोखंडी गळ टोचून घेण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. तिची क्रूरता झाकण्याचे कारण नाही. पण फेडीचे वेळापत्रक पाहा. माणूस देवाशीही तोच व्यवहार करतो जो बाजाराशी करतो, माल हाती आल्याशिवाय पैसे मोजत नाही. आणि फेडीचा दिवस येतो तो सुगीनंतर, जेव्हा गाठीला काही असते. नवस फेडायला आलेले कुटुंब त्याच मैदानावर घोंगडी घेते, पोराला खुळखुळा घेते, सूप-टोपली घेते. म्हणजे बाळाची खरेदी इथे होतच होती. फक्त तेव्हा ते बाळ खांद्यावर बसलेले असे.

यावर तीन आक्षेप घेता येतील. पहिला, हे सगळे निव्वळ दारिद्र्य आहे. ज्याच्याकडे पैसा नाही तो आधी काय घेणार आणि नंतर काय. पण हा दंडक गरिबांपुरता नव्हता. सोन्याचे गोठ करायची ऐपत असलेल्या घरांतही बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागे ते आजोबांच्या धोतराचे दुपटे. ऐपत वाढली की नंतरचा खर्च वाढे, आधीचा नव्हे. दुसरा आक्षेप, मी रूढीला शहाणपणाचा मुलामा देतो आहे. यात तथ्य आहे. रूढी पाळणारी बाई जोखमीचे गणित मांडून ती पाळत नव्हती. नजर लागेल, सटवाई कोपेल, एवढेच तिला सांगितलेले होते. मात्र रीत का सांगितली जाते आणि रीत का टिकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समजूत भीतीची असली तरी ती टिकली, कारण ती पाळणाऱ्या घराचे नुकसान कमी होत होते. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: या व्यवस्थेने मुले मारली. धुराने भरलेली बाळंतिणीची खोली, जे हाती येईल त्या विळ्याने किंवा पात्याने कापलेली नाळ, मळकी चिंधी. नवजाताचा धनुर्वात नाळेच्या वाटेने येई, आणि त्याला सटवाईचा लेख समजले जाई. हे सारे खरे आहे. पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट नेमका होतो. चूक खरेदी न करण्यात नव्हती. कोरे पाते, उकळलेला दोरा आणि साबण या तीन वस्तू सोडल्या तर आधी विकत घेण्यासारखे तेव्हा काही नव्हतेच, आणि त्या तिन्ही म्हशाच्या बाजारात पैसे देऊनही नाळेपर्यंत पोहोचल्या नसत्या. त्यांच्याबरोबर ज्ञान आणि शिकलेली सुईण लागली असती. माता आणि नवजातांमधला धनुर्वात भारतातून हटल्याचे जाहीर झाले ते २०१५ मध्ये. लस, दवाखाना आणि स्वच्छ पाते यांनी ते केले.

आता खरेदी जन्माच्या अलीकडे सरकली आहे, तीही याच कारणाने. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजारी सोळा बालके वर्षाच्या आत दगावत होती. हजारातले दोनशे आणि हजारातले सोळा, या दोन आकड्यांच्या मध्ये सगळी कथा आहे. उपदेशाने जी समजूत हलली नाही ती खात्रीने हलली. शेजारी उल्हासनगर-कल्याणचा तयार कपड्यांचा स्वस्त बाजार होताच. पण बाजार जवळ असणे पुरेसे नव्हते, बाळ जगेल हा भरवसा जवळ यावा लागला. सरकारही या खरेदीत उतरले. फिनलंडने १९३८ मध्ये गरीब मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी द्यायला सुरुवात केली, १९४९ मध्ये ती सर्वांना खुली केली, आणि अट घातली की बाईने गरोदरपणात वेळेवर दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. पेटी हे निमित्त, तपासणी हा हेतू. महाराष्ट्राने २०१९ मध्ये अंगणवाड्यांमार्फत पहिल्या बाळासाठी ‘बेबी केअर किट’ सुरू केले: कपडे, लंगोट, टॉवेल, मच्छरदाणी, तापमापक, तेल, घोंगडीच्या जागी ब्लँकेट. ते हाती पडते बाळ जन्मल्यावर. म्हणजे शासनाचा बाळंतविडाही जुन्याच वेळी येतो.

रीतीचा अर्धा भाग असा कालबाह्य झाला आणि त्याची हळहळ वाटण्याचे कारण नाही. बाळ दगावेल या भीतीने झबले न घेणे, ही वेळ कुणावर येऊ नये. पण रांगेचा दुसरा अर्धा भाग, जन्माआधीचा पैसा आईच्या ताटात जावा हा, भीतीवर उभा नव्हता. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे या बाजूला शहापूर तालुक्यात आणि मुरबाडच्या काही गावांत, गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली, ती याच रांगेतली आहे. ओटीतल्या तांदूळ-नारळाचे ते शासकीय रूप म्हणता येईल. आजचा बाजार मात्र क्रम फिरवतो. सातव्या महिन्यात बाळाच्या पायमोज्यांचा संच घरात येतो आणि त्याच घरात बाईच्या रक्तातले लोह कमी असते. दोन्ही खर्च झेपणाऱ्याने दोन्ही करावेत. ज्याला एकच झेपतो, त्याच्यासाठी जुन्या ओटीने क्रम कधीच लावून ठेवला आहे: आधी तिचे ताट, मग पाळण्यातले.