तळटीप : ‘छोटे टर्बाइन’

‘छोटे टर्बाइन’ : लेखकाला येथे सेंद्रिय रँकिन चक्रावरचे टर्बाइन अभिप्रेत आहे. या चक्रात पाण्याऐवजी लवकर उकळणारा द्रव असतो. पेंटेन ३६ अंश सेल्सिअसलाच उकळते. काशीगावाहून महामार्गाने वसईची खाडी ओलांडून शिरसाड फाट्याला वळले की वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडे लागतात. तानसेकाठच्या त्या कुंडात पाय सोडला की चटका बसतो. तरी तेवढ्या उष्णतेवर वाफेचे नेहमीचे टर्बाइन चालत नाही.

अलास्कातील चेना येथे मात्र २००६ साली ७४ अंशांच्या पाण्यावर २०० किलोवॅटचा संच सुरू झाला. त्याचे टर्बाइन मोठ्या वातानुकूलन यंत्रातल्या केंद्रोत्सारी कॉम्प्रेसरवरून घडवलेले. त्यात वाफ कडेकडून आत, आसाकडे वाहते. अशा संचांना आमच्या मते हीच जात योग्य. अक्षीय टर्बाइन मोठ्या संचात शोभते. फार लहान केले तर पाती नखाएवढी होतात आणि पाते व कवच यांमधल्या फटीतूनच बरीच वाफ निसटते. पाच-दहा किलोवॅटसाठी स्क्रोल एक्सपांडर बरा : फेरे कमी, वाफेतले थेंबही सोसतो.

चेनाला बर्फाळ प्रदेशातले गार पाणी मिळते. आपल्याकडे ७० अंशांचे ऊन पाणी व ३० अंशांचे गार पाणी धरले, तर सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता जेमतेम १२ टक्के भरते. वाचकाने टर्बाइन निवडण्याआधी कुंडाबरोबर नदीचेही तापमान मोजावे, तेही मे महिन्यात. — संपा.